भिंत वरपर्यंत गेली का?

माझे वडील भिवंडीत एका यंत्रमागवाल्या शेठच्या पेढीवर मेहताजी होते. शाळा सुटली की त्यांचा रिकामा डबा आणायला मी जायचो. पांढरी गादी, तीन लोड, उतरत्या फळीचं बैठं डेस्क, कोपऱ्यात ग्रे कापडाचे तागे. शेठ, मेहताजी, सुताचा दलाल, चहावाला पोऱ्या, सगळ्यांची ऊठबस एकाच खोलीत. पण भिंतीपलीकडे माग चालू असायचे, त्यामुळे दोन हातांवरच्या माणसाचं बोलणंही कळत नसे. पार्टिशनचं काम तो खडखडाटच करायचा. भावाची नाजूक बोलणी आली की शेठ दलालाला घेऊन ओट्यावर जायचे.

आता मी कामतघरात राहतो आणि ऑफिसांची इंटिरियरची कामं घेतो. वऱ्हाळा देवी तलावाच्या बाजूनं रोज जातो-येतो. माझ्याकडे येणारी माणसं बहुतेक गोदामवाली, ट्रान्सपोर्टवाली, सुताचे व्यापारी. मोबाइलमध्ये बंगळुरूच्या कुठल्याशा ऑफिसचा फोटो असतो आणि वाक्य ठरलेलं: ‘आपल्याला असं ओपन करायचंय.’ दुसऱ्या तऱ्हेचे लोक येतात ते चार केबिनी मोजूनच येतात. दोघांनाही मी एकच विचारतो: तुमच्याकडे दिवसभर कोण कोणाशी बोलतं, आणि ते कोणाच्या कानावर पडलेलं चालतं?

गेल्या वर्षीचं एक काम सांगतो. गोदामावरचा हॉल, अडतीस फूट बाय चोवीस, माणसं चौदा. शेठना सगळं ओपन हवं होतं. खरं कारण पार्टिशनचा खर्च. मी त्यांच्या जुन्या जागेत एक दिवस स्टूल टाकून बसलो. डिस्पॅचची तीन पोरं ड्रायव्हरांशी फोनवर ओरडत होती, ‘अरे, मानकोलीला किती वेळ उभा राहणार?’ त्यांच्यापासून सहा फुटांवर हिशेबाच्या ताई बिलं जुळवत होत्या. कानात इयरफोन. वायरीचं दुसरं टोक मात्र ड्रॉवरमध्ये मोकळंच लोंबत होतं. मी विचारलं, ‘ताई, गाणी कुठली?’ म्हणाल्या, ‘गाणी कसली दादा, कोणी हाक मारू नये म्हणून घालते.’

अख्ख्या ऑफिसचा नकाशा मला त्या वायरीत दिसला.

ओपन ऑफिस ही कल्पना मुळात वाईट नाही. १९५०च्या दशकाच्या शेवटी जर्मनीत हॅम्बुर्गजवळ श्नेले नावाच्या दोन भावांनी ती नीट आखून बसवली. कागद कोणत्या टेबलावरून कोणत्या टेबलावर जातो ते आधी टिपायचं आणि टेबलं त्या वाटेनं मांडायची. सोबत गालिचे, आडोसे, कुंड्या. पुढे नक्कल झाली ती भिंती पाडण्याची. वाट टिपायची राहिली. अमेरिकेत हर्मन मिलर कंपनीसाठी रॉबर्ट प्रॉप्स्ट यांनी १९६८ साली हलवता येणारे पडदे-टेबल आणले, माणसाला मोकळीक मिळावी म्हणून. कंपन्यांनी ते काटकोनात घट्ट बसवले आणि त्याचे खुराडे झाले. २०१८ साली हार्वर्डच्या दोन संशोधकांचा अभ्यास छापून आला. दोन कंपन्यांनी भिंती काढल्यावर समोरासमोरचं बोलणं वाढायच्या ऐवजी सुमारे ७० टक्क्यांनी घटलं होतं, ईमेल वाढले होते. मला नवल वाटलं नाही. सगळ्यांसमोर बसवलं की माणूस स्वतःचाच आडोसा शोधतो. आमच्या ताईंनी इयरफोन शोधला.

मग केबिनीच करा? तिथंही हिशेब आहे. दहा बाय दहाची केबिन एका माणसाला शंभर फूट खाते. तेवढ्यात बाहेर, येण्याजाण्याची वाट धरून, दोघं नीट बसतात. दार बंद केलं की हॉलच्या एसीची हवा आत येत नाही, म्हणजे वेगळा एसी, त्याचा ड्रेन पाइप. आणि खिडकीला लागून केबिन काढली की बाकीचे सगळे भर दुपारी ट्यूबलाइटखाली.

सगळ्यात मोठी फसवणूक वर, छतात असते. मी स्वतः ती केलेली आहे. सुरुवातीच्या एका कामात काचेची देखणी केबिन केली, पण पार्टिशन फॉल्स सीलिंगला टेकवून थांबवलं. आतली पगारवाढीची बोलणी वरून फिरून बाहेरच्या टेबलांवर उतरायची. महिन्याभरात कोणाला किती वाढले ते प्यूनलाही पाठ. आवाजाला पाण्यासारखी फट पुरते. भिंत स्लॅबपर्यंत न्यायची, जिप्समच्या दोन पत्र्यांमध्ये रॉकवूल भरायची, दाराखालची फट रबरानं बंद करायची. मग काच थोडी कमी भारी असली तरी चालते.

तर त्या हॉलमध्ये फरशीवर खडूनं आखणी केली. डिस्पॅच जिन्याच्या तोंडाशी, उघड्यावर. हिशेबाला खरी, स्लॅबपर्यंतची खोली. आणि सहा बाय पाचची एक छोटी खोली कोणाचीच नाही. पैशाचं, घरचं, रडण्याचं बोलणं तिथं. शेठ हिरमुसले. ‘म्हणजे क्लार्कला केबिन आणि मी बाहेर?’ वास्तुवाल्यांनी त्यांना नैर्ऋत्य कोपरा दिला होता. मी म्हटलं, कोपरा तोच ठेवू, फक्त भिंत नको. तसेही तुम्ही दिवसभर डिस्पॅचच्या डोक्यावरच उभे असता. दोन दिवसांनी फोनवर ‘बघा मग’ म्हणाले.

सीलिंग बंद करायच्या दिवशी मिस्त्री म्हणाला, ‘साहेब, वरचं कोण बघायला येणारे?’ मी शिडीवर चढून टॉर्च मारली. डाव्या कोपऱ्यात, एसीच्या पाइपाशेजारी, मूठभर भोक राहिलं होतं.