विमानाच्या पंख्याचा कोन

मुंबई-गोवा महामार्गावर सिंधुदुर्ग जिल्ह्यात तळेरे हे गाव लागते. येथून एक रस्ता पश्चिमेस विजयदुर्गाच्या बंदराकडे उतरतो, तर दुसरा पूर्वेस वैभववाडीवरून करूळचा घाट चढून गगनबावड्यास व पुढे कोल्हापुरास जातो. या पूर्वेच्या वाटेने गेलेल्या प्रत्येक उतारूने घाटाच्या पायथ्याशी होणारा एक आवाज ऐकलेला असतो. एस. टी. चा चालक खालचा गिअर टाकतो, इंजिनाचा स्वर उंचावतो, गाडीचा वेग मंदावतो आणि ती धिम्या पण निश्चित गतीने चढण चढू लागते. माथा गाठून सपाटी लागली, की तोच चालक वरचा गिअर टाकतो. इंजिन शांत होते आणि गाडी धावू लागते.

आता अशी कल्पना करावी, की या गाडीला गिअर एकच आहे, आणि तो कोणता असावा हे चालकाने पहाटे आगारातच पान्याने आवळून ठरवून टाकावयाचे आहे. घाटाचा गिअर आवळला, तर सपाटीवर इंजिन किंचाळेल आणि गाडी रखडेल. सपाटीचा आवळला, तर गाडी पहिल्याच वळणावर घाटात अडेल. लहान विमान स्वतः बांधणाऱ्या मनुष्यापुढे नेमका हाच प्रश्न उभा राहतो. त्या प्रश्नाचे नाव पंख्याचा कोन, अथवा विमानविद्येच्या परिभाषेत प्रॉपेलरचा पिच.

स्वतःचे विमान स्वतः बांधणे ही केवळ परदेशातील हौस आहे, असे मानण्याचे कारण नाही. मुंबईत कांदिवलीच्या चारकोप भागात कॅप्टन अमोल यादव या मराठी वैमानिकाने घराच्या गच्चीवर सहा आसनांचे विमान उभे केले. ते २०१६ साली मुंबईच्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात लोकांनी पाहिले, २०१७ साली नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे त्याची नोंदणी झाली, आणि २०२० साली धुळ्याच्या धावपट्टीवर त्याची उड्डाण-चाचणी झाली. गच्चीपासून धावपट्टीपर्यंतचा हा मार्ग किती लांबचा असतो, हे या तारखांवरून दिसून येईल. त्या मार्गावरील अगदी शेवटच्या कामांपैकी एक म्हणजे पंखा बसविणे व त्याचा कोन लावणे. काम तासा-दोन तासांचे. परंतु विमान झाडांच्या शेंड्यांवरून जाणार की शेंड्यांत, हे पुष्कळदा त्यावरच ठरते.

पिच म्हणजे काय, हे समजण्यास लाकडात शिरणारा स्क्रू डोळ्यांपुढे आणावा. एका फेऱ्यात स्क्रू जितका आत जातो, तितके त्याच्या दोन आट्यांमधील अंतर असते. पंखा हाही हवेत शिरणारा एक स्क्रूच होय. हवा लाकडासारखी घट्ट असती, तर एका फेऱ्यात पंखा जितका पुढे सरकला असता, ते अंतर म्हणजे त्याचा पिच. पात्याचा कोन वाढविला की हे अंतर वाढते, त्यास जाड पिच म्हणतात. कोन कमी केला की अंतर घटते, त्यास बारीक पिच म्हणतात. विजयदुर्ग, देवगड, मालवण येथील मच्छीमारांना यात नवल वाटणार नाही. ज्या बोटीला पाण्यातून जड जाळे ओढावयाचे आहे तिला बारीक पिचचा पंखा लागतो, आणि जिला मोकळ्या समुद्रावर वेगाने जावयाचे आहे तिला जाड पिचचा.

तथापि स्क्रूची उपमा एका मर्यादेपर्यंतच चालते, कारण हवा निसटते. राइट बंधूंनी १९०३ च्या विमानासाठी पंखा करावयास घेतला, तेव्हा जहाजांच्या पंख्याविषयी उपयोगी पडेल असे शास्त्र त्यांना कोठे आढळले नाही. अखेर त्यांनी असा विचार केला, की पंख्याचे पाते म्हणजे गोल फिरणारा विमानाचा पंखच होय. पंख हवेला लहानशा कोनात भिडतो तेव्हा तो उचल देतो. पाते हवेला तसे भिडले म्हणजे ती उचल पुढच्या दिशेस मिळते आणि विमान ओढले जाते. पंख फारच मोठ्या कोनात भिडला, तर हवा त्याच्या पाठीवरून सुटते आणि उचल ढासळते. पात्याचेही तसेच आहे.

याच कारणाने पाते पिळलेले असते. गोल जिना चढताना मधल्या खांबाजवळ पायऱ्या उभ्या वाटतात व बाहेरच्या कडेस सौम्य वाटतात. चढावयाची उंची मात्र दोन्हीकडे सारखीच असते. पात्याचे टोक एका फेऱ्यात मोठे वर्तुळ फिरते, मधला भाग लहान. पुढे सरकावयाचे अंतर मात्र सर्वांना एकच. म्हणून मुळाशी कोन मोठा व टोकाशी लहान ठेवावा लागतो. अर्थात ‘पंख्याचा कोन अमुक अंश’ एवढे म्हणून भागत नाही. तो मध्यापासून किती अंतरावर मोजला, हेही सांगावे लागते. पुष्कळदा त्रिज्येच्या तीन-चतुर्थांश अंतरावरील कोन सांगतात. मात्र मोजताना पंख्याचा निर्माता सांगेल तीच जागा धरावी.

आकड्यांनी हे अधिक स्पष्ट होईल. हौशी विमानांत रोटॅक्स ९१२ जातीचे शंभर अश्वशक्तीचे इंजिन पुष्कळ वापरले जाते. ते मिनिटास ५५०० फेऱ्यांवर सतत चालू शकते आणि ५८०० फेऱ्यांवर केवळ पाच मिनिटे. मधल्या दातेरी चक्रांमुळे पंखा मात्र २.४३ पट हळू, म्हणजे इंजिनाच्या ५५०० फेऱ्यांस सुमारे २२६० फेरे फिरतो. समजा, पंख्याचा व्यास १.७२ मीटर आहे आणि तीन-चतुर्थांश त्रिज्येवर कोन २० अंश लावला आहे. तेथील पाते एका फेऱ्यात सुमारे ४.०५ मीटर वर्तुळ फिरते, आणि पिच सुमारे १.४७ मीटर होतो. विमान ताशी १६० किलोमीटर वेगाने जात असता ते पंख्याच्या एका फेऱ्यात प्रत्यक्ष सुमारे १.१८ मीटर पुढे सरकते. त्या वेळी पाते हवेला भिडते ते सुमारे चार अंशांच्या कोनात. हा कोन उत्तम.

परंतु हेच विमान धावपट्टीवर ताशी ८० किलोमीटर वेगाने धावत असता तोच कोन सुमारे ११-१२ अंश होतो, आणि अगदी उभे असता २० अंश. म्हणजे ज्या क्षणी ओढ सर्वाधिक हवी, त्याच क्षणी पात्याच्या पाठीवरून हवा सुटत असते. शिवाय हवेचे ओझे जड झाल्याने इंजिन पुऱ्या फेऱ्या घेऊ शकत नाही, आणि फेऱ्या कमी म्हणजे शक्तीही कमी. शंभर अश्वशक्तीचे इंजिन त्या वेळी शंभर अश्वशक्ती देतच नाही. खिशात रुपये आहेत, पण मोडीअभावी खर्चता येत नाहीत, तशी ही अवस्था होते.

उलट कोन फार बारीक लावला, तर विमान चटकन उचलते आणि जोमाने चढते. पण सरळ उड्डाणात थ्रॉटल पुरे उघडताच इंजिन ठरलेल्या मर्यादेपलीकडे फिरू पाहते. वैमानिकाला थ्रॉटल मागे घ्यावे लागते, वेग हाती येत नाही, आणि दुर्लक्ष झाले तर इंजिनास इजा होते. दोन्ही टोके हानिकारक आहेत. परंतु दोहोंची हानी सारखी नाही. बारीक कोनाची चूक फेऱ्यांच्या काट्यावर वेळीच दिसते व हात मागे घेतला की आवरता येते. जाड कोनाची चूक धावपट्टी संपत आली असता कळते, आणि तेथे पुढे रेटण्यास थ्रॉटल उरलेले नसते.

म्हणून कोन ठरविताना प्रथम धावपट्टी पाहावी. सिंधुदुर्गात चिपीच्या सड्यावर २०२१ साली सुरू झालेल्या विमानतळाची धावपट्टी २५०० मीटर आहे. तेथे लहान विमानाला जाड कोनही एक वेळ निभावून जाईल. पण हौशी माणसाच्या नशिबी बहुधा चारपाचशे मीटरांचा माळ आणि त्याच्या कडेला झाडी असते. त्यात वैशाखाचा उष्मा असला म्हणजे हवा विरळ होते. इंजिनाची शक्ती, पंख्याची ओढ आणि पंखांची उचल ही तिन्ही एकदम घटतात. पहाटेच्या थंड हवेत साधलेले उड्डाण दुपारी साधेलच, असे नाही.

प्रत्यक्ष कोन लावण्याचे काम शिस्तीचे आहे. प्रथम इंजिनाची प्रज्वलन-कळ बंद करून चावी काढून घ्यावी. तरीही पंखा हा भरलेल्या बंदुकीसारखा आहे असे समजून वागावे, कारण एखादी तार तुटलेली असली, तर बंद कळ असूनही हाताच्या एका हिसड्याने इंजिन पेट घेऊ शकते. चाकांपुढे ठोकळे द्यावेत. विमान हलणार नाही असे करून एक पाते आडवे आणावे, निर्मात्याने सांगितलेल्या जागी कोनमापक टेकवून कोन वाचावा, पकडीचे नटबोल्ट सैल करून पाते फिरवावे आणि पुन्हा आवळावे. दुसरे व तिसरे पाते फिरवून नेमके त्याच जागी आणावे व त्याच जागी मोजावे. प्रत्येक पात्यास वेगळी जागा घेतल्यास मापाला अर्थ राहत नाही. सर्व पात्यांचे कोन अंशाच्या काही दशांशांच्या आत जुळले पाहिजेत. एक पाते अधिक ओढू लागले तर सारे विमान थरथरते, आणि ती थरथर बोल्टांना व इंजिनाच्या आधारांना सैल करते. बोल्ट टॉर्क पान्याने, समोरासमोरचे आळीपाळीने, सांगितलेल्या जोरानेच आवळावेत.

नंतर खरी परीक्षा. विमानाची शेपटी भक्कम खुंटास बांधावी, खालची जमीन खडेविरहित असावी, आणि पंख्याच्या फिरण्याच्या पातळीत कोणीही उभे राहू नये. इंजिन तापले, की थ्रॉटल पुरे उघडून फेऱ्या पाहाव्यात. समजा, काटा ४७०० वर थांबला. रोटॅक्सचे निर्माते पुऱ्या थ्रॉटलवर ५२०० च्या खाली इंजिन चालविणे टाळावे असे सांगतात, तेव्हा हा कोन जाड ठरला. एक अंश कमी केल्यास अशा पंख्यावर साधारण दोन-तीनशे फेऱ्यांचा फरक पडतो. म्हणून एकदम तीन-चार अंश न फिरविता एकेक अंश, पुढे अर्धा अंश, असे जावे आणि प्रत्येक वेळी वहीत टिपून ठेवावे. मात्र त्याआधी इंजिन निर्दोष असल्याची खात्री हवी. कार्ब्युरेटरच्या दोषाने फेऱ्या कमी पडत असता पंख्याचा कोन बदलीत बसणे म्हणजे ताप सोडून तापमापकावर औषध करणे होय.

जमिनीवर फेऱ्या जुळल्या, तरी निर्णय हवेतच होतो. पुरेशा उंचीवर सरळ उड्डाणात थ्रॉटल हळूहळू पुरे उघडीत न्यावे. काटा ५८०० ओलांडू पाहील तर कोन किंचित वाढवावा, ५५०० लाही पोहोचत नसेल तर किंचित कमी करावा. लाकडी पंखा असल्यास कोकणात आणखी एक काळजी आहे. पावसाळ्यात दारे फुगतात व उन्हाळ्यात सैल होतात, हे घरोघरी ठाऊक आहे. लाकडी पंख्याचा मध्यही तसाच फुगतो व आकसतो. म्हणून ऋतू पालटला की त्याचे बोल्ट पुन्हा तपासावेच लागतात.

मोठ्या विमानांनी या पेचातून केव्हाच सुटका करून घेतली. हवेत असतानाच पात्यांचा कोन बदलणाऱ्या पंख्यासाठी अमेरिकेत फ्रँक कॉल्डवेल यांच्या कामास १९३३ सालचे कोलियर पारितोषिक मिळाले. १९४० च्या उन्हाळ्यात इंग्लंडमध्ये स्पिटफायर व हरिकेन विमानांवर फेऱ्या आपोआप स्थिर राखणारे पंखे घाईने बसविले गेले, आणि त्यांची चढण्याची शक्ती वाढली. असे असता सर्वांनीच तो पंखा का वापरू नये? कारण तो जड, महाग आणि बिघाडास अधिक जागा देणारा असतो. आपल्याकडे डॉ. विष्णू माधव घाटगे यांच्या नेतृत्वाखाली बंगळूरला घडलेले व १९५८ साली प्रथम उडालेले ‘पुष्पक’ हे दोन आसनांचे विमान पुढे फ्लाइंग क्लबांत शिकाऊ वैमानिकांच्या हाती गेले, ते स्थिर कोनाच्या साध्या पंख्यावरच. शिकणाऱ्याला लागते ते विश्वासूपण. आणि साध्या यंत्रात ते अधिक सापडते.

एकंदरीत, पंख्याचा कोन लावणे म्हणजे उड्डाणापूर्वीच उड्डाणाविषयी घेतलेला निर्णय होय. जमिनीवर पान्याने जे आवळले, ते हवेत बदलता येत नाही. वेगाचा मोह सर्वांनाच असतो, आणि ताशी पाच-दहा किलोमीटर अधिक मिळावेत म्हणून अर्धा अंश वाढविण्यास हात शिवशिवतो. अशा वेळी करूळच्या घाटातील एस. टी. आठवावी. तिच्या चालकास कोल्हापूर लवकर गाठावयाचे असते, पण त्याआधी घाट चढावयाचा असतो, हे तो विसरत नाही. विमान बांधणाऱ्यानेही आधी झाडांच्या शेंड्यांचा विचार करावा, आणि मग वेगाचा.