खतविक्रीचं उत्पन्न

नगरपालिकांची अंदाजपत्रकं वाचण्याचा मला जुना नाद आहे. दर फेब्रुवारीत तालुक्याच्या पानावर एकाच साच्यातली बातमी येते: ‘कोणतीही करवाढ नसलेले, अमुक इतक्या शिलकीचे अंदाजपत्रक मंजूर.’ बातमी देणारा ते वाचत नाही, बहुतेक नगरसेवकही वाचत नाहीत. सभेत गोंधळ होतो तो पुतळ्याच्या चौथऱ्यावरून किंवा एखाद्या प्रभागातल्या गटारावरून. मूळ पुस्तिका मात्र गावाबद्दल बरंच सांगते. डाव्या अंगाला जमा, उजव्या अंगाला खर्च, शेवटी ‘शेरा’ हा रकाना आणि तो कोरा. संकलित कर, पाणीपट्टी, गाळाभाडं, आठवडे बाजाराची फी. 1999 मध्ये नगरपालिकांची जकात गेली, तेव्हापासून लहान गावांचे पगार सहायक अनुदानावर निघतात. वित्त आयोगाचा बराचसा पैसा येतो तो कशावर खर्चायचा हे आधीच ठरवून. थोडक्यात, गावाने स्वतः ठरवावं असं त्या पुस्तिकेत फारसं उरलेलं नाही.

मी सरळ आरोग्य विभागाच्या पानावर जातो. सफाई कामगारांचं वेतन, घंटागाड्यांचा ठेका, डिझेल, जंतुनाशकं, आणि ‘कचरा डेपो सपाटीकरण’. या शेवटच्या शीर्षाखाली वर्षातून काही वेळा जेसीबी भाड्याने आणतात आणि ढीग आडवा करतात. कचरा तिथेच राहतो, फक्त उंची कमी होते. मग मी जमेच्या बाजूला ‘खतविक्री’ शोधतो. काही पुस्तिकांत ती ओळ अजून असते आणि तिच्यासमोर नाममात्र रक्कम असते. लेखाशीर्ष मरू नये म्हणून ठेवलेली ती तरतूद. कुणीतरी कधीतरी या ओळीवर खरोखर पैसे मिळवले असणार, या कुतूहलातून हा सगळा शोध सुरू झाला.

तर पैसे मिळत होते, आणि चांगले मिळत होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबई इलाख्यातल्या गावांना नगरपालिका मिळाल्या त्या मुख्यतः झाडलोट, दिवाबत्ती आणि पाणी या तीन कामांसाठी. घरोघरच्या टोपलीच्या संडासांतला मैला गोळा करायचा, गावाबाहेर नेऊन राख आणि केरात मिसळून वाळवायचा आणि शेतकऱ्याला विकायचा, ही सर्रास रीत होती. या वाळलेल्या खताला लोक सोनखत म्हणत. पुण्याच्या पूर्वेला मुठा कालव्यावर ऊस वाढला तो या सोनखताच्या जोरावर. सुरुवातीला शेतकरी नाक मुरडत होते. पीक पाहिल्यावर मागणी इतकी वाढली की शहराची घाण ही शहराची मिळकत झाली. मैला उचलण्यासाठी नागरिकांकडून वेगळा करही घेतला जाई. मुंबईच्या 1888 च्या कायद्यात त्याचं नाव ‘हलालखोर कर’ असं सरळ होतं; हलालखोर म्हणजे मैला उचलणारा. म्हणजे उचलण्याचे पैसे घरमालकाकडून, विकण्याचे पैसे शेतकऱ्याकडून. आजच्या कुठल्याही मुख्याधिकाऱ्याला हेवा वाटावा असा हिशेब. वाळवण्याच्या जागेवरची दुर्गंधी आणि माश्यांचे थवे मात्र या हिशेबात कुठे नव्हते.

माश्यांचा प्रश्न ज्यांनी सोडवला त्यांच्यापैकी एकाचं नाव यशवंत द. वाड. हे नाव फारसं कुणी ऐकलेलं नसतं, आणि मला त्याचा राग आहे.

‘इंदूर पद्धत’ जगभर माहीत आहे. सेंद्रिय शेतीवरचं कुठलंही पुस्तक उघडा, सर अल्बर्ट हॉवर्ड हे नाव पहिल्या प्रकरणात येतंच. हॉवर्ड 1905 मध्ये पुशाच्या कृषी संशोधन संस्थेत आले आणि 1924 पासून इंदूरच्या इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्रीचे संचालक होते. संस्थेला पैसा मध्यवर्ती कापूस समितीचा आणि संस्थानांचा, 300 एकर जमीन होळकरांची. तिथल्या सात वर्षांच्या कामावरचं पुस्तक 1931 मध्ये ऑक्सफर्डने काढलं: ‘द वेस्ट प्रॉडक्ट्स ऑफ ॲग्रिकल्चर’. त्याच्या मुखपृष्ठावर लेखक दोन आहेत. हॉवर्ड, आणि त्यांच्या नावाखाली संस्थेतले रसायनशास्त्राचे मुख्य सहायक वाड. हॉवर्ड त्याच वर्षी विलायतेला परतले, 1934 मध्ये ‘सर’ झाले, व्याख्यानं देत हिंडले. पुढच्या पुस्तकांच्या लाटेत दुसरं नाव हळूहळू गळालं.

पुस्तक वाचताना एक गोष्ट लक्षात येते. मातीबद्दलची तत्त्वचर्चा हॉवर्डची असेल, पण त्यातला कस मोजमापात आहे. खड्डा 30 फूट लांब, 14 फूट रुंद, 2 फूट खोल, कडा उतरत्या. खोली यापेक्षा जास्त नको, कारण तळाशी हवा पोचत नाही. पालापाचोळा, काड्या, तण यांचा थर, त्यावर शेणाचा रबडा, गोठ्यातली मूत्र मुरलेली माती आणि चुलीतली राख. पुन्हा थर. कपाशीच्या पऱ्हाट्या कठीण, म्हणून त्या आधी रस्त्यावर पसरून गाड्यांच्या चाकांखाली चुरून घ्यायच्या. ढीग तीनदा पालथा करायचा: खड्डा भरल्यापासून साधारण दोन आठवड्यांनी, एका महिन्याने आणि दोन महिन्यांनी. नव्वद दिवसांत खत तयार. ढीग किती तापला, ओल किती राहिली, कर्ब आणि नत्राचं प्रमाण कसं उतरत गेलं, हे सगळं रोजच्या रोज टिपायचं काम प्रयोगशाळेचं. रसायनशास्त्राचा मुख्य सहायक तिथे शोभेसाठी नव्हता.

हॉवर्ड गेल्यावर काम थांबलं नाही, आणि याच टप्प्यावर नगरपालिका या गोष्टीत शिरते. फेब्रुवारी 1934 च्या ‘इंडियन मेडिकल गॅझेट’मध्ये वाड आणि त्यांचे सहलेखक जॅक्सन यांचा लेख आला. विषय असा: माणसांच्या वस्तीतल्या टाकाऊ पदार्थांची आरोग्याला धोका न होता विल्हेवाट आणि त्यांचा शेतीसाठी उपयोग, इंदूर पद्धतीने. लेख शेतीच्या नियतकालिकात नव्हता, डॉक्टरांच्या होता. मला हे वाडांच्या बाजूचं शहाणपण वाटतं. शेतकऱ्याला खत पटवायची गरज नव्हती, पटवायचं होतं ते आरोग्य अधिकाऱ्याला. गावचा केर खड्ड्यात पसरायचा, त्यावर मैल्याचा पातळ थर, लगेच पुन्हा केर. पातळ हा शब्द महत्त्वाचा. जाड थर पडला की आत हवा कोंडते, ढीग सडतो, माशी अंडी घालते. पातळ थरात ढीग दोन-तीन दिवसांत असा तापतो की अळी जगत नाही आणि पटकीचे जंतूही जगत नाहीत. पालथा घालताना बाहेरची बाजू आत जाते, तीही शिजून निघते. महागडी भुयारी गटारं नकोत, यंत्र नको. खड्डे, दाताळी, ओळीने लावलेली कामाची वेळ, आणि शेवटी विक्री.

म्हणजे 1934 मध्ये प्रश्न सुटला होता. कलकत्त्याजवळच्या टॉलीगंज नगरपालिकेने विटांचे पक्के खड्डे बांधून हे काम करून दाखवलं. पुढे बंगळूरच्या सी. एन. आचार्यांनी ढीग पालथा न घालता, वरून लिंपून खत करण्याची पद्धत आणली आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात धान्यटंचाई आली तेव्हा सरकारने शहरी कंपोस्टला जोर दिला. मग ‘खतविक्री’ नाममात्र का झाली?

रासायनिक खतं आली, प्लास्टिक आलं, सेप्टिक टँक आले, ही उत्तरं बरोबर आहेत आणि कंटाळवाणी आहेत. माझ्या मते मोठं कारण वाडांच्या मोजमापांच्या कोष्टकातच दिसतं, कारण तिथे एक रकाना नाही. ढीग तीनदा पालथा घालायचा, ठीक. तो घालणार कोण?

या प्रश्नावर डिसेंबर 1932 मध्ये, म्हणजे वाडांच्या लेखाच्या चौदा महिने आधी, रत्नागिरीच्या तुरुंगात भांडण झालं. सीताराम पुरुषोत्तम पटवर्धन, कोकणातले आप्पासाहेब, सत्याग्रही कैदी म्हणून आत होते. त्यांनी संडास सफाईचं काम मागितलं. तुरुंगाने नाकारलं: ते काम बाहेर ज्यांच्या जातीचं, त्यांनाच आत द्यायचं. आप्पासाहेब जातीने ब्राह्मण, त्यामुळे त्यांना देता येत नाही. सरकार धर्मात ढवळाढवळ करत नाही असं म्हणणारं सरकार कैद्याने झाडू उचलू नये म्हणून जातीची चौकशी करत होतं. आप्पासाहेबांनी अन्न कमी केलं. बातमी येरवड्यात गांधींना कळली. पुणे करार होऊन तीन महिनेही झाले नव्हते. गांधींनी सरकारला लिहिलं आणि 3 डिसेंबरला आप्पासाहेबांच्या पाठिंब्यासाठी उपोषण सुरू केलं. दुसऱ्या दिवशी सरकारकडून विचार करण्याचं आश्वासन आलं, तेव्हा सोडलं. पुढे इच्छुक सवर्ण कैद्यांना ते काम करण्याची मुभा मिळाली. मोठ्या इतिहासात हे एक दिवसाचं उपोषण तळटिपेतही कष्टाने सापडतं. माझ्या दृष्टीने मात्र भारतीय नगरपालिकेच्या अंदाजपत्रकाचा सगळा पेच त्या एका दिवसात आहे.

आप्पासाहेब सुटल्यावर हे विसरले नाहीत. कणकवलीजवळ गोपुरी आश्रम उभा केला आणि मेलेल्या जनावरांच्या कातड्यापासून संडासाच्या रचनेपर्यंत, ज्या कामांना लोक शिवत नाहीत ती कामं शास्त्र म्हणून हाती घेतली. ‘गोपुरी संडास’ त्यातलाच: मैला ताजा असताना कुणाच्या डोक्यावर जाऊ नये, तो जागेवरच पाला आणि राखेत मुरावा, आणि हाताळायची वेळ येईल तेव्हा त्याचं खत झालेलं असावं. वाडांनी माशीचा विचार केला, आप्पासाहेबांनी उचलणाऱ्या माणसाचा. दोघांची गाठ पडायला हवी होती. नगरपालिकांनी मात्र दोघांकडेही पाठ फिरवली. 1949 मध्ये मुंबई राज्याने सफाई कामगारांच्या स्थितीसाठी बर्वे समिती नेमली, डोक्यावरून मैला वाहण्याला बंदी करणारा कायदा यायला 1993 उजाडलं, तो पुरेसा नाही म्हणून 2013 मध्ये दुसरा आला. आणि आपल्या राज्यात लाड आणि पागे समित्यांच्या शिफारशींनुसार सफाई कामगाराच्या वारसाला सफाईची नोकरी मिळते. 2023 मध्ये त्याचे सुधारित नियम निघाले. कामगार संघटनांना ही तरतूद हवी आहे आणि का हवी ते समजतं, कारण ठेकेदारीत पक्की नोकरी एवढीच उरली आहे. पण रत्नागिरीच्या तुरुंगाचा नियम आपण सेवापुस्तकात लिहून घेतला, असंही ते वाचताना वाटतं.

अलीकडची दोन गावं मात्र सांगायलाच हवीत. एक वेंगुर्ला, गोपुरीच्याच जिल्ह्यातलं. शेतकरी ते काजूच्या ‘वेंगुर्ला 4’ आणि ‘वेंगुर्ला 7’ या जातींमुळे ओळखतात. 2015 नंतर तिथे मुख्याधिकारी रामदास कोकरे यांच्या काळात कचरा दारातच वेगळा घेण्याचा हट्ट धरला गेला. ओल्याचं खत आणि बायोगॅस, प्लास्टिक वेगळं काढून रस्त्याच्या डांबरात, बाकीचं भंगार विक्रीला. डेपोच्या जागी लोक तिकीट काढून बघायला येतील असं उद्यान झालं. जमेची ओळ पुन्हा भरली. वृत्तपत्रांनी उद्यानाचे फोटो छापले. मला जास्त मोलाचं वाटतं ते हे की वेगळं केलेलं प्लास्टिक धुतलेलं, कोरडं असेल तर ते हाताळणाऱ्याला किळस येत नाही, आणि ते काम जातीच्या कामातून सुटायला लागतं.

दुसरं गाव वाई. विश्वकोशाची वाई. तिथला आणि सिन्नरचा प्रयोग कमी दिखाऊ आणि जास्त मुळाशी जाणारा आहे. लहान गावांत भुयारी गटार नसतं, घरोघरी सेप्टिक टँक असतो आणि तो तुंबून वर आल्याशिवाय कुणी उपसत नाही. उपसला की टँकर जवळच्या ओढ्यात रिकामा. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाच्या साहाय्याने या दोन नगरपालिकांनी नियम उलटा केला: कुणी बोलवो न बोलवो, प्रत्येक टँक तीन वर्षांतून एकदा उपसायचा, यंत्रानेच, आणि गाळ प्रक्रिया केंद्रावर न्यायचा. त्यासाठी घराला वेगळं बिल नाही, स्वच्छता कर लावला आणि तो घरपट्टीबरोबर घेतला. ठेकेदाराला पैसे मिळतात ते उपसलेल्या टाक्यांवर. 1888 चा तो जुना कर नव्या अवतारात परत आला, पण आता त्या पैशाने माणूस टाकीत उतरत नाही, टँकरचा पाइप उतरतो.

राज्याने नगरपालिकांच्या खताला ‘हरित महासिटी कंपोस्ट’ असं नाव दिलं. केंद्राने 2016 मध्ये शहरी कंपोस्टच्या विक्रीला टनामागे 1500 रुपयांचं साहाय्य जाहीर केलं. 2016 च्याच घनकचरा नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक असा तीन वाटांनी कचरा देणं प्रत्येक घराला बंधनकारक केलं. साधनं, नियम, पैसा, नाव, सगळं आहे. बहुतेक गावांच्या पुस्तिकेत सपाटीकरणावरचा खर्च मात्र दरवर्षी वाढतो आणि खतविक्रीची रक्कम हलत नाही. यात रसायनशास्त्र कुठेही आडवं आलेलं नाही. ओला कचरा वेगळा घ्यायला रोज प्रत्येक दाराशी भांडावं लागतं, आणि जेसीबीचं बिल काढायला कुणाशीच भांडावं लागत नाही, एवढीच गोष्ट आहे.

तेव्हा वाचकांना एक विनंती. माहितीच्या अधिकाराच्या कायद्यातल्या कलम 4 प्रमाणे आपलं अंदाजपत्रक नागरिकांसमोर स्वतःहून मांडणं हे नगरपालिकेवर बंधनकारक आहे. जानेवारीत, म्हणजे सभेपुढे येण्याआधी, ते मागा. सगळं वाचू नका. जमेच्या बाजूला ‘खतविक्री’ आणि खर्चाच्या बाजूला ‘कचरा डेपो सपाटीकरण’ एवढ्या दोन ओळी काढा, मागच्या पाच वर्षांचे आकडे शेजारी लिहा, आणि तो कागद घेऊन आपल्या प्रभागाच्या नगरसेवकाकडे जा.