पेनिसिलिन आणि कोळंबीचं एकच लक्ष्य

काळेवाडीहून पवनेचा पूल ओलांडला की पिंपरी, आणि पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स. इथे पत्ता सांगायला नुसतं ‘एचए’ म्हटलं तरी भागतं. कंपनी १९५४ची, पेनिसिलिनचं उत्पादन १९५५ला सुरू झालं. रविवारी नदीच्या अलीकडे ताटात पडणारी कोळंबी आणि पलीकडचं ते औषध, दोघांचा रोख जंतूंच्या एकाच जागेवर असतो: त्यांच्या भिंतीवर.

बहुतेक जिवाणूंभोवती पेप्टिडोग्लायकनची जाळी असते. माणसाच्या किंवा कोळंबीच्या पेशीला ती नसते. पेनिसिलिन या जाळीचे टाके घालणारं विकरच अडकवून ठेवतं. जाळी उसवते आणि आतल्या दाबाने जिवाणू फुटतो.

कोळंबी, खेकडे, तिसऱ्या यांच्याकडे आपल्यासारख्या अँटिबॉडी नाहीत. कंपनीच्या गेटवरचा वॉचमन गणवेश बघून माणूस कुठला ते ओळखतो, तशी यांना जंतूंची ओळख पटते ती भिंतीवरून. रक्तातली काही प्रथिनं पेप्टिडोग्लायकनला चिकटतात, काही व्हिब्रिओसारख्या जिवाणूंच्या बाहेरच्या थरातल्या लिपोपॉलिसॅकराइडला, तर काही बुरशीच्या ग्लुकानला. लेक्टिन नावाची प्रथिनं पृष्ठभागावरच्या शर्करा पकडून जिवाणूंचे पुंजके करतात आणि रक्तपेशी ते गिळतात. लायसोझाइम तर थेट जाळीच कापतं. हे लायसोझाइम आपल्याकडेही आहे. पेनिसिलिन शोधण्याआधी फ्लेमिंगना ते सापडलं सर्दीच्या शेंबडात! कोळंबीची खास जंतुनाशक प्रथिनं, पेनीइडिन, उजेडात आली ती मात्र १९९७मध्ये.

या लढाईची एक खूण बाजारातही दिसते. शत्रू ओळखला की कोळंबीच्या रक्तात फिनॉलऑक्सिडेज जागं होतं, काळं मेलॅनिन तयार होतं आणि जंतू त्यात कोंडले जातात. कोळंबी मेली तरी हे विकर थांबत नाही. बर्फावरच्या कोळंबीची डोकी काळी पडतात ती त्यामुळेच. काळं डोकं म्हणजे माल सडलाच असं नाही, पण भाव पाडून मागायला हरकत नसावी.

अँटिबॉडी नसल्यामुळे कोळंबीला आपल्यासारखी लस टोचून भागत नाही. म्हणून काही ठिकाणी संवर्धनाच्या खाद्यात यीस्टच्या भिंतीतलं ग्लुकान मिसळतात. बुरशी आली असं समजून कोळंबीची यंत्रणा आधीच सावध व्हावी, हा हेतू. गुण दर वेळी सारखा येत नाही, आणि तळ्याचं पाणीच बिघडलं तर ग्लुकानवर भिस्त ठेवण्यात अर्थ नाही.