रेडशर्ट (महाविद्यालयीन बास्केटबॉल)

रेडशर्ट ही अमेरिकेतील महाविद्यालयीन क्रीडाक्षेत्रात रूढ असलेली संज्ञा आहे. खेळाडूला एक संपूर्ण हंगाम स्पर्धात्मक सामन्यांपासून दूर ठेवून त्याच्या पात्रतेचा एक हंगाम राखून ठेवणे, असा तिचा अर्थ होतो. अशा खेळाडूलाही रेडशर्ट म्हणतात. तो संघासोबत सराव करतो, वर्गात शिकतो आणि शिष्यवृत्तीधारक असल्यास ती शिष्यवृत्तीही घेऊ शकतो. परंतु सामन्यात उतरत नाही. या निर्णयात खेळाडूच्या उमेदीचे एक वर्ष गुंतलेले असते. त्यामुळे तो निर्णय खेळाडू कसा स्वीकारतो, याला प्रत्यक्ष मैदानावर महत्त्व आहे आणि महाविद्यालयीन बास्केटबॉलवर आधारित सिम्युलेशन खेळांतही त्याची दखल घेतली जाते.

संज्ञेचा उगम

या संज्ञेचा उगम सामान्यतः नेब्रास्का विद्यापीठातील अमेरिकन फुटबॉलपटू वॉरन आल्फसन याच्याशी जोडला जातो. १९३७ साली संघात अनुभवी खेळाडूंची गर्दी असल्याने त्याने त्या हंगामात न खेळता केवळ सराव करण्याची परवानगी मागितली. सरावात तो क्रमांक नसलेला लाल सदरा घालत असे, त्यावरून हे नाव पडले असे सांगितले जाते. या पहिल्या उदाहरणात थांबण्याची इच्छा खेळाडूची स्वतःची होती, ही बाब लक्षणीय आहे.

नियम

नॅशनल कॉलेजिएट अ‍ॅथलेटिक असोसिएशन अर्थात एनसीएए या संस्थेच्या पहिल्या श्रेणीत खेळाडूला पाच वर्षांच्या कालावधीत चार हंगाम खेळण्याची मुभा देणारा नियम दीर्घकाळ प्रचलित राहिला. उरलेले एक वर्ष रेडशर्टसाठी वापरता येते. अमेरिकन फुटबॉलमध्ये २०१८ पासून चार सामन्यांपर्यंत खेळूनही हंगाम राखता येऊ लागला. बास्केटबॉलमध्ये मात्र एखाद्या सामन्यात एक मिनिट खेळले तरी हंगाम खर्ची पडतो, असा दंडक होता. हंगामाच्या पूर्वार्धात गंभीर दुखापत झाल्यास, ठरावीक मर्यादेपेक्षा अधिक सामने खेळलेले नसतील तर, वैद्यकीय कारणास्तव हंगाम परत मिळू शकतो. त्यास वैद्यकीय रेडशर्ट म्हणतात.

खेळाडूंची प्रतिक्रिया

शालेय स्तरावर संघाचा आधारस्तंभ ठरलेल्या खेळाडूस संपूर्ण हंगाम बाकावर बसणे अपमानास्पद वाटू शकते. व्यावसायिक एनबीए स्पर्धेकडे लवकर वळू पाहणाऱ्यांना त्यात लाभ दिसत नाही. याउलट शरीराने अद्याप भरलेल्या नसलेल्या अथवा अनुभवी सहकाऱ्यांमागे अडकलेल्या खेळाडूंना हे वर्ष उपयोगी पडते. गोंझागा विद्यापीठाचा केली ओलिनिक हे त्याचे ठळक उदाहरण होय. दोन हंगाम खेळल्यानंतर २०११-१२ मध्ये तो रेडशर्ट राहिला. २०१२-१३ मध्ये त्याने प्रतिसामना १७.८ गुणांची सरासरी राखली आणि २०१३ च्या एनबीए निवडप्रक्रियेत तेराव्या क्रमांकावर निवडला गेला. २०२१ पासून विद्यापीठ बदलताना एक वर्ष न खेळण्याची अट शिथिल झाल्याने नाराज खेळाडूस संघ सोडणे सोपे झाले.

सिम्युलेशन खेळांमध्ये

व्हॉटइफस्पोर्ट्स या संकेतस्थळावरील 'हूप्स डायनॅस्टी' यांसारख्या खेळांत सहभागी व्यक्ती प्रशिक्षकाची भूमिका घेते. खेळाडूंची भरती, सरावाचे नियोजन आणि रेडशर्टचे निर्णय तिच्याकडे असतात. खेळाडूची गुणवत्ता आकड्यांत मांडलेली असते. त्यात वेग, नेमबाजी, बचाव यांच्याबरोबर परिश्रमवृत्तीचाही समावेश असतो. ही वृत्ती जितकी अधिक, तितकी सरावातून होणारी प्रगती जलद.

प्रशिक्षकाचा हिशेब सरळ असतो : कच्च्या नवोदिताचे पहिले वर्ष वाचवले, तर शेवटच्या वर्षी परिपक्व खेळाडू हाती लागतो. परंतु आभासी खेळाडूही हा निर्णय एकसारखा घेत नाहीत. काही तो सहज मान्य करतात, काही नाखुशीने स्वीकारतात, तर काही रुष्ट होतात. रोषाचा परिणाम परिश्रमवृत्तीवर झाल्यास प्रगती मंदावते आणि ज्या लाभासाठी वर्ष राखले, तोच हातचा जातो. भरतीच्या वेळी खेळण्याची संधी देण्याचे वचन दिलेल्या खेळाडूस रेडशर्ट करणे म्हणजे वचनभंगच ठरतो. याशिवाय संघातील एक जागा वर्षभर अडून राहते. संपूर्ण मैदानभर दबाव टाकणारी बचावपद्धती वापरणाऱ्या संघाला राखीव खेळाडूंची अधिक गरज असते, त्यामुळे त्याला ही उणीव विशेष जाणवते.

वास्तवाशी तुलना

या रचनेत खेळाडूची नाराजी हा प्रशिक्षकाने विचारात घ्यावयाचा खर्च ठरतो. प्रत्यक्षात खेळाडू स्वतः निर्णयाचा पक्षकार असतो. तो कुटुंबाशी विचारविनिमय करतो, नकार देऊ शकतो किंवा दुसऱ्या विद्यापीठाचा मार्ग धरतो. पाचव्या वर्षामुळे पदवी पूर्ण करण्यास अथवा पदव्युत्तर अभ्यास सुरू करण्यास मिळणारा अवधी हा प्रत्यक्षातील मोठा लाभ आहे. सामन्यांच्या निकालांवर केंद्रित असलेल्या खेळात त्याला फारसे स्थान नसते.