महालक्ष्मीच्या चरणी सम्राटाची अंगुली

आश्विन शुद्ध प्रतिपदेला घरोघरी घट बसतात, अखंड दीप उजळतो आणि आदिमायेचा जागर आरंभतो. आपण देवीची ओटी भरतो, तिला फुले वाहतो. अकराशे वर्षांपूर्वी दक्षिणेच्या एका सम्राटाने तिच्या चरणी जे वाहिले, त्याचे स्मरण या पर्वकाळी उचित ठरेल.

राष्ट्रकूट कुळातील नृपतुंग अमोघवर्ष हा तो सम्राट. इ. स. ८१४ च्या सुमारास, बालवयातच त्याला सिंहासन लाभले. मांडलिकांनी बंड केले. परंतु गुजरात शाखेच्या कर्काने राज्य सावरून धरले. पुढे सहा दशकांहून अधिक काळ अमोघवर्षाने राज्य केले. त्याची राजधानी मान्यखेट, म्हणजे आजचे कर्नाटकातील मळखेड. त्याची राजसभा विद्वज्जनांचे माहेरच होती. ‘कविराजमार्ग’ हा कन्नडमधील उपलब्ध आद्य ग्रंथ तिच्याच आश्रयाने सिद्ध झाला. ‘गणितसारसंग्रह’कार महावीराचार्यांनी त्याच्या राज्याची स्तुती केली, तर शाकटायनांच्या व्याकरणवृत्तीला ‘अमोघवृत्ती’ हे नाव मिळाले.

जैन आचार्य जिनसेनांच्या चरणी हा राजा नम्र होई. तथापि जगदंबेवरील त्याची श्रद्धाही तितकीच उत्कट होती. गुजरातमधील संजाण येथे सापडलेला त्याचा शके ७९३ (इ. स. ८७१) चा ताम्रपट याची साक्ष देतो. प्रजेवर ओढवलेला उपद्रव शांत व्हावा म्हणून राजाने आपल्या डाव्या हाताची अंगुली महालक्ष्मीला अर्पण केली, असे त्यात म्हटले आहे. ही महालक्ष्मी म्हणजे करवीरनिवासिनी अंबाबाई, असे अनेक अभ्यासक मानतात. तो उपद्रव कोणता, हे ताम्रपट सांगत नाही. दानाचा हेतू मात्र तो स्पष्ट सांगतो.

प्रशस्तिकाराने या दानाची तुलना पुराणपुरुषांशी केली आहे. सर्पाच्या रक्षणासाठी देह देणारा जीमूतवाहन, कपोतासाठी श्येनापुढे उभा राहणारा शिबी आणि याचकाला विन्मुख न पाठवणारा दधीची! पण त्यांनी एकेकालाच तृप्त केले. या राजाने सर्व लोकांसाठी दिले, असा त्याचा अभिप्राय. राजस्तुतीत अतिशयोक्ती असेल. परंतु राजाचे थोरपण त्याने जिंकलेल्या प्रदेशावरून नव्हे, तर प्रजेसाठी सोसलेल्या वेदनेवरून मोजले, हे विशेष.

आई जगदंबा आज आपल्याकडे अंगुली मागत नाही. ती भक्ताचा भाव पाहते. यंदा घटापुढे हात जोडताना स्वतःच्या घराबरोबरच शेजाऱ्याच्या, गावाच्या क्षेमाचेही मागणे मागावे आणि त्यासाठी आपल्या सुखातील थोडे बाजूला काढावे. देवीच्या ओटीत तेही पडेल.