निसर्ग-शिबिरे : चैन की शिक्षण?

दिवाळीची सुटी संपून थंडी पडू लागली, की पुण्यातील अनेक शाळांच्या फाटकांशी भल्या पहाटे बसगाड्या उभ्या असलेल्या दिसतात. पाठीवर फुगलेल्या पिशव्या, हातात विजेऱ्या, आयांच्या न संपणाऱ्या सूचना आणि हजेरी घेता घेता मेटाकुटीला आलेले शिक्षक, असे ते दृश्य असते. मुळशी, पानशेत, वेल्हे किंवा भोर या बाजूच्या डोंगराळ मुलखात तीन-चार दिवस राहून मुले परततात आणि मग घरोघरी शिबिराचे वृत्तान्त ऐकू येतात. त्यांत एक साम्य आढळते. किल्ल्याचा इतिहास वा झाडांची शास्त्रीय नावे यांच्याविषयी मुले फारसे बोलत नाहीत. ती बोलतात पहिल्या रात्रीच्या काळोखाविषयी, स्वतः थापलेल्या आणि तव्यावर फाटलेल्या भाकरीविषयी, राखेने घासलेल्या पातेल्याविषयी आणि दिवसभरासाठी वाट्याला आलेल्या एका बादली पाण्याविषयी.

पालक विचारतात, यातून नेमके काय साधले? चार दिवसांचा अभ्यास बुडाला, पैसे खर्च झाले, मूल सर्दी घेऊन घरी आले. ज्या समाजात दहावीच्या एकेका गुणावर पुढील वाट ठरते, त्या समाजात हा प्रश्न गैर म्हणता येणार नाही. मात्र त्याचे उत्तर मुलांच्या त्या साध्या वृत्तान्तातच दडलेले आहे.

बादलीचेच उदाहरण घ्यावे. साधने मर्यादित आणि त्यांचे उपयोग अनेक, म्हणून निवड अपरिहार्य, हे अर्थशास्त्राच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकाच्या आरंभीच सांगितलेले असते. विद्यार्थी ते वाक्य पाठ करतो, परीक्षेत लिहितो आणि विसरतो. परंतु विहिरीवरून चढण चढून आणलेली बादली समोर ठेवून, हिच्यात अंघोळ करावी की भांडी घासावीत, असा प्रश्न सहा मुलांच्या गटाला पडतो तेव्हा त्या वाक्याला अर्थ येतो. घरी नळ सोडून दात घासणारे मूल येथे तांब्यांचा हिशेब मांडू लागते. सोय आणि किंमत या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे त्याला कोणी सांगावे लागत नाही.

पुण्याच्या मुलाला तर हा धडा आणखी खोलवर नेता येतो. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर ही चार धरणे या शहराची तहान भागवतात. ज्या जलाशयाच्या काठी मुले तंबू ठोकतात, त्याच्या तळाशी कुणाची तरी शेते आणि घरे होती. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले आणि मुठेच्या पुराने पुण्यातील कित्येक वस्त्या धुऊन नेल्या, ही कथा आजोबांच्या तोंडून ऐकलेल्या मुलाला त्या ठिकाणी उभे राहिल्यावर शहर आणि डोंगर यांचे नाते कळते. मुळशीच्या पाण्याकडे पाहताना १९२१ चा सत्याग्रह आणि सेनापती बापट यांचे स्मरण करून दिले, तर मुंबईला वीज मिळावी म्हणून मावळातील शेतकऱ्याने काय गमावले हेही समजते. विकासाची किंमत कोण मोजतो, या प्रश्नाची याहून चांगली प्रस्तावना वर्गात होणे कठीण.

शिबिराची ही कल्पना नवी नाही. १९०७ मध्ये बेडन-पॉवेल यांनी इंग्लंडमधील ब्राउनसी बेटावर निरनिराळ्या सामाजिक थरांतील मुलांना एकत्र आणून शिबिर भरवले आणि त्यातून बालवीर चळवळ उभी राहिली. १९४१ मध्ये, ऐन महायुद्धात, कुर्ट हान या शिक्षणतज्ज्ञाने वेल्समध्ये तरुण खलाशांना संकटात टिकाव धरण्याचे शिक्षण देणारी शाळा काढली. आपल्याकडे १९३७ च्या वर्धा परिषदेत गांधीजींनी हाताच्या कामातून शिक्षणाचा विचार मांडला. बाबा आमटे यांनी १९६७ मध्ये सोमनाथ येथे तरुणांची श्रमसंस्कार छावणी सुरू केली. १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने कार्यानुभव आणि समाजसेवा यांना शालेय शिक्षणाचा भाग मानले. त्या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे महाराष्ट्राचेच. १९६९ मध्ये राष्ट्रीय सेवा योजना आली आणि महाविद्यालयीन विद्यार्थी खेड्यांतील शिबिरांना जाऊ लागले. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी दहा दिवस दप्तराविना असावेत, असे सुचविले आहे. तेव्हा विचारांची वाण कधीच नव्हती. अडचण आहे ती आचाराची.

पुण्याला या बाबतीत एक परंपराही लाभली आहे. येथील शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरोल्ड मॅन यांनी पिंपळे सौदागर या खेड्याची जमीन, पिके, कर्जे आणि कुटुंबे यांची तपशीलवार पाहणी करून १९१७ मध्ये ती प्रसिद्ध केली. पुस्तकातील शेतकरी आणि शिवारातील शेतकरी एकच आहे की नाही, हे त्यांनी प्रत्यक्ष जाऊन पाहिले. आज त्या पिंपळे सौदागरात उंच इमारती उभ्या आहेत आणि तेथील मुलांना ज्वारीचे कणीस दाखवण्यासाठी बसमध्ये घालून दूर न्यावे लागते. शंभर वर्षांत शहर किती फोफावले आणि शिवार मुलांपासून किती लांब गेले, याचे हे बोलके उदाहरण आहे.

मात्र या चित्राची दुसरी बाजू पाहिली नाही, तर विवेचन एकांगी होईल. बसगाड्या सगळ्याच शाळांच्या फाटकांशी उभ्या राहत नाहीत. शिबिरे भरवणे हा आता एक व्यवसाय झाला आहे आणि त्याचे शुल्क मध्यमवर्गीय कारकुनालाही विचारात पाडते. मग घरकाम करणाऱ्या बाईच्या मुलाची काय कथा! ज्या वस्तूचा लाभ केवळ विकत घेणाऱ्याला मिळतो, ती बाजारावर सोडावी. ज्या वस्तूचा लाभ साऱ्या समाजाला मिळतो, तिचा भार समाजानेही उचलावा, हे सर्वमान्य तत्त्व आहे. सहकार्य, श्रमाची कदर आणि निसर्गाविषयीची जाण हे दुसऱ्या प्रकारचे लाभ आहेत.

आणि येथेच एक मौजेची गोष्ट घडते. सधन घरातील मुलाला जी बादली साहस वाटते, ती वस्तीतील मुलाचा रोजचा अनुभव असते. सार्वजनिक नळावर रांग लावणे, धाकट्या भावंडाला सांभाळणे, चुलीपाशी बसणे यांत तो तरबेज असतो. अशी दोन्ही मुले एका तंबूत आली, तर वर्गात मागच्या बाकावर बसणारा तेथे गुरू होतो आणि पहिल्या क्रमांकाचा विद्यार्थी त्याच्याकडून चूल पेटवायला शिकतो. एका पंगतीत पिठले-भाकरी खाताना जे शिक्षण होते, ते समतेवरील निबंधाने होत नाही. एकाच आर्थिक थरातील मुलांचे शिबिर हा निम्मा लाभ गमावून बसते, मग त्याचे तंबू कितीही भारी असोत.

सुरक्षिततेचा प्रश्नही दृष्टीआड करता येणार नाही. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या समुद्रात सहलीला गेलेले पुण्यातील डझनाहून अधिक विद्यार्थी बुडाले. अशा घटनेनंतर शाळा सहली बंद करून टाकतात आणि शिक्षक जबाबदारी घेण्यास कचरतात. त्यांचे कचरणे समजण्याजोगे आहे. काही विपरीत घडल्यास पहिला दोष त्यांच्याच माथी येतो. राज्य शासनाने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण जाहीर करून आयोजकांसाठी नियम घातले, हे योग्यच झाले. परंतु नियमपत्रिका शिक्षकाच्या प्रशिक्षणाची जागा घेऊ शकत नाही. जागेची आधी पाहणी, पाण्यापासून अंतर, प्रथमोपचार, मुलींसाठी स्वच्छतागृहे आणि सोबत शिक्षिका, या गोष्टी जमवल्याखेरीज पालकांनी मुलीला पाठवावे अशी अपेक्षा करणे व्यर्थ आहे.

यासाठी फार मोठा पैसा लागतो, असेही नाही. खासगी आणि महापालिकेच्या अशा दोन शाळांनी मिळून एक शिबिर घ्यावे. मुक्काम जवळच्या गावातील शाळेत करावा, स्वयंपाकाचे साहित्य गावातूनच विकत घ्यावे आणि शिकवणाऱ्या गावकऱ्यास त्याचे मानधन द्यावे. ऐपत असलेल्या पालकांनी थोडे जास्त भरावे, म्हणजे ज्यांना ते शक्य नाही त्यांचीही मुले जातील. ज्या शाळेला तेवढेही झेपत नाही, तिला वेताळ टेकडी आणि पर्वती हाकेच्या अंतरावर आहेत. शिक्षकांच्या त्या चार दिवसांची गणना सुटीत न करता कामात व्हावी, एवढे औदार्य व्यवस्थापनांनी आणि शासनाने दाखवायला हरकत नसावी.

शिबिराहून परतलेले मूल दुसऱ्या दिवशी पुन्हा नळ मोकळा सोडते, असा अनुभव काही पालक सांगतात. तसे होतेही. चार दिवसांत स्वभाव पालटत नाही. पण नळ बंद करायला सांगितल्यावर ते मूल 'का' असे विचारीत नाही. ते क्षणभर थबकते, कारण ती बादली कुठून येते, हे त्याच्या खांद्याला आता ठाऊक असते.