टायरातील हवा कोठे जाते?

मोटार महिनाभर सावलीत उभी असते. ती कोणी चालविलेली नसते, चाकात खिळा शिरलेला नसतो, व्हॉल्व्हची टोपीही जागच्या जागी असते. तरीही दाबमापक लावून पाहिला असता टायरातील हवा पौंड-दोन पौंडांनी उतरलेली आढळते. चाक काढून पाण्याच्या टाकीत बुडविले तरी एकही बुडबुडा दिसत नाही. मग ही हवा जाते तरी कोठे? तिच्यापैकी बराच भाग टायराच्या रबरातूनच बाहेर पडतो. नवा कोरा, निर्दोष टायरही याला अपवाद नाही.

रबरातून जाणारी वाट

रबर डोळ्यांना सलग दिसले तरी वस्तुतः ते लांबलचक, वेडीवाकडी वळणे घेतलेल्या रेणूसाखळ्यांचे जाळे होय. या साखळ्या सतत हलत असतात आणि त्यांच्यामध्ये अतिसूक्ष्म पोकळ्या क्षणोक्षणी निर्माण होऊन नाहीशा होत असतात. टायराच्या आत हवेच्या रेणूंची दाटी असते. त्यांपैकी काही रेणू रबरात विरघळतात, एका पोकळीतून दुसरीत सरकत जातात व अखेर बाहेरच्या वातावरणात मिसळतात. ही क्रिया इतकी मंद असते की तिचा बुडबुडा होत नाही. परंतु ती अहोरात्र चालू राहते.

ही गोष्ट मोटारीच्या जन्मापूर्वीच शास्त्रज्ञांच्या ध्यानी आली होती. अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथील डॉक्टर जॉन मिचेल यांनी १८३१ च्या सुमारास रबरी फुग्यांत निरनिराळे वायू भरून पाहिले. फुगे आपोआप रिते होतात आणि प्रत्येक वायूचा निसटण्याचा वेग वेगळा असतो, असे त्यांना दिसले. पुढे १८६६ मध्ये टॉमस ग्रॅहॅम या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञाने याची मोजदाद केली. रबरातून ऑक्सिजन हा नायट्रोजनच्या सुमारे अडीचपट, तर कार्बन डायऑक्साइड सुमारे साडेतेरापट वेगाने जातो, असे त्यास आढळले. रबरात नुसती छिद्रे असती तर हलका वायू आधी बाहेर पडला असता. कार्बन डायऑक्साइड तर नायट्रोजनपेक्षा जड आहे. यावरून वायू प्रथम रबरात विरघळतो व मग पलीकडे जातो, हा निष्कर्ष ग्रॅहॅमने काढला. तो आजही ग्राह्य आहे.

ब्युटाइल रबराची देणगी

पूर्वी ट्यूब नैसर्गिक रबराच्या असत व त्यांत वरचेवर हवा भरावी लागे. १९३७ मध्ये रॉबर्ट टॉमस व विल्यम स्पार्क्स या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञांनी ब्युटाइल हे कृत्रिम रबर तयार केले. त्याच्या रेणूसाखळ्या अधिक दाटीने बसलेल्या व कमी हालचाल करणाऱ्या असल्याने त्यातून हवा नैसर्गिक रबराच्या मानाने सुमारे एक दशांश वेगानेच झिरपते. आजच्या ट्यूबलेस टायराच्या आतील बाजूस याच जातीच्या रबराचा पातळ अस्तर-थर असतो. या थरामुळे गळती मंदावली, पण थांबली मात्र नाही. सुस्थितीतील टायरातूनही दरमहा साधारणतः १ ते २ पौंड दाब कमी होतो.

याखेरीज हवेला आणखी काही वाटा असतात. व्हॉल्व्हच्या आतील पिनेचे रबर झिजते, त्यात धूळ अडकते. रिमच्या कडेला गंज चढला की टायर तेथे घट्ट बसत नाही. दरमहा होणारी घट यापेक्षा जास्त असेल, अथवा चारांपैकी एकच चाक पुनःपुन्हा उतरत असेल, तर असा दोष आहे असे समजून तपासणी करवून घ्यावी.

थंडीचा परिणाम

दाब कमी होण्याचे आणखी एक कारण असे आहे की ज्यात हवा बाहेर जातच नाही. तापमान उतरले की बंदिस्त हवेचा दाब उतरतो. मोटारीच्या टायराच्या बाबतीत दर ५ ते ६ अंश सेल्सिअसला सुमारे १ पौंड, असा हा हिशेब आहे.

ग्वाल्हेरसारख्या शहरात, जेथे उन्हाळा व हिवाळा दोन्ही कडक असतात, याचा प्रत्यय विशेष येतो. समजा, मे महिन्याच्या एखाद्या संध्याकाळी, तापमान ४० अंश असताना, टायरात ३२ पौंड हवा भरली. जानेवारीत पहाटे तापमान ५ अंशांवर आले, तर केवळ थंडीमुळे हा दाब २७ पौंडांच्या आसपास येईल. त्यात आठ महिन्यांच्या झिरपण्याचे दरमहा केवळ एक पौंड धरले, तरी दाबमापकाचा काटा २० पौंडांच्याही खाली जाईल. अशा स्थितीत कुटुंब व सामानसुमान घेऊन मोटार आग्रा-मुंबई मार्गाने निघाली आणि इंदूर ओलांडून सेंधव्यापुढील बिजासन घाट उतरू लागली, तर तिच्यातील माणसांचा जीव कशावर अवलंबून आहे, याची कल्पना करता येईल.

कमी हवेचा धोका

हवा कमी असलेला टायर प्रत्येक फेऱ्यात अधिक दबतो व पुन्हा उठतो. या सततच्या दुमडण्याने त्याच्या बाजूंत उष्णता साठते, आतील धाग्यांचे थर सुटू लागतात आणि भरधाव वेगात टायर फुटण्याचा संभव निर्माण होतो. टायराच्या दोन्ही कडा लवकर झिजतात, इंधन जास्त जळते आणि पावसात रस्त्यावरील पाण्याच्या थरावरून चाक घसरण्याची भीती वाढते.

येथे एका रूढ समजाचा उल्लेख आवश्यक आहे. उन्हाळ्यात टायर तापून फुटतात, म्हणून त्यांत हवा कमी ठेवावी, असे अनेक चालक मानतात. प्रत्यक्षात हवा कमी केल्याने टायर अधिक दबतो व अधिकच तापतो. प्रवासात दाब काही पौंडांनी वाढणे स्वाभाविक असून उत्पादकाने सांगितलेल्या दाबात त्याचा विचार केलेला असतो. म्हणून तापलेल्या टायरातील हवा कधीही काढू नये.

हवेऐवजी नायट्रोजन भरल्यास गळती काहीशी कमी होते, हे खरे. परंतु साध्या हवेतही सुमारे ७८ टक्के नायट्रोजनच असतो. शिवाय थंडीने नायट्रोजनचाही दाब तितकाच उतरतो. त्यामुळे नायट्रोजन भरला तरी तपासणी टळत नाही.

वाहनधारकांनी काय करावे

टायरातील हवा महिन्यातून किमान एकदा, तसेच लांबच्या प्रवासापूर्वी अवश्य तपासावी. तपासणी शक्यतो सकाळी, मोटार किमान तीन तास उभी राहिल्यानंतर करावी. योग्य दाबाचा आकडा बहुधा चालकाच्या दाराच्या चौकटीवर किंवा वाहनाच्या पुस्तिकेत दिलेला असतो. टायराच्या बाजूवरील आकडा हा कमाल दाबाचा असतो, हे ध्यानात घ्यावे. तपासणीनंतर व्हॉल्व्हची टोपी घट्ट बसवावी. स्टेपनीही त्याच वेळी पाहावी; न वापरलेल्या चाकातूनही हवा झिरपतच असते व गरज पडते त्याच वेळी ते मऊ निघते.

पाहून किंवा लाथ मारून टायराची परीक्षा करण्याची सवय सर्वत्र आढळते. परंतु आजच्या रेडियल टायराच्या बाजू योग्य दाबातही थोड्या फुगलेल्या दिसतात; त्यामुळे पाच-सात पौंडांची तूट नजरेला कळत नाही. ती फक्त दाबमापक सांगतो, आणि त्यासाठी महिन्यातून पाच मिनिटे पुरेशी होतात.